९६ च्या रॅमला २००६ चा टर्बो

इंडियानातून खाली जॉर्जियाकडे जाताना टेनेसीत आय-२४ वर मॉन्टिगलचा डोंगर लागतो. पुणेकरांनी खंबाटकी घाट डोळ्यांसमोर आणावा. ट्रक उजव्या लेनमध्ये हॅझर्ड लावून रांगत असतात, आणि मागे वजन असलं की आपणही त्याच रांगेत. त्या दिवशी आमच्या १९९६ च्या डॉज रॅम २५०० पिकअपच्या मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर जुना छोटा ट्रॅक्टर. चौथ्या गिअरमध्ये चढताना एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा १२५० फॅरनहाइट ओलांडून १३५० ला टेकला. सेल्सिअसमध्ये सातशे तीसच्या वर. मी पाय उचलला, तिसरा टाकला आणि उरलेला डोंगर ताशी ३५ मैलांनी चढले.

रॅममधल्या या बारा व्हॉल्व्हच्या कमिन्स इंजिनाला सतत १२५० च्या वर तापवायचं नाही, हा इंजिनवाल्यांत सगळ्यांनी मानलेला आकडा आहे. आत पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे असतात. डिझेलमध्ये तापमान वाढतं ते बहुतेक वेळा डिझेलच्या मानाने हवा कमी पडली म्हणून. हवा वाढवायची तर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बदलायचा, एवढं सरळ गणित होतं. पुढे जे लिहिते आहे ते माझ्या अंगणात, माझ्या हातांनी, तीन शनिवार-रविवारांत झालेलं काम आहे. मी शाळेत गणित शिकवते, गॅरेज चालवत नाही. पण माझे बाबा कोथरूडला किर्लोस्कर कमिन्समध्ये टेस्टिंगला होते, आणि आमच्या घरी जेवताना इंजिनांबद्दल बोलणं व्हायचं. आता मी राहते त्या कोलंबस गावातच १९१९ साली कमिन्स सुरू झाली, आणि आमच्या रॅमचं इंजिन गावाच्या दक्षिणेला वेल्सबरोच्या कारखान्यात तयार झालेलं आहे. म्हणून या गाडीवर माझा जरा जास्तच जीव आहे.

कोणता टर्बो आणि का

माझ्या गाडीवर मुळात होलसेटचा एचएक्स३५डब्ल्यू होता. त्याच्या जागी मी बसवला एचई३५१सीडब्ल्यू. हा २००४ च्या मध्यापासून २००७ पर्यंतच्या ५.९ लिटर कॉमन रेल रॅमवर कारखान्यातूनच यायचा. त्या गाड्या ३२५ अश्वशक्तीच्या, माझी २१५ ची. होलसेट ही मूळची इंग्लंडमधल्या हडर्सफील्डची कंपनी, १९७३ पासून कमिन्सच्या मालकीची. दोन्ही टर्बो एकाच घरचे, म्हणून नव्याच्या पायाचा चार बोल्टांचा टी-३ फ्लॅन्ज जुन्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळकांड्यावर, सरळ बसतो. हे काम घरच्या घरी शक्य होतं ते या एका गोष्टीमुळे. बाकी एकही नळी सरळ बसत नाही.

फरक दोन ठिकाणी आहे. हवेच्या बाजूच्या पंख्याचं तोंड जुन्याचं साधारण ५४ मिलिमीटर, नव्याचं ६० च्या आसपास, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जास्त हवा. धुराच्या बाजूच्या घराचा घसा जुन्याचा १२ चौरस सेंटिमीटर, नव्याचा ९. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते, तसं अरुंद घशातून धूर पंख्यावर जोरात आदळतो आणि टर्बो लवकर फिरायला लागतो. बारा व्हॉल्व्हवाल्यांना याचा आणखी एक फायदा होतो. आपल्या डिझेलच्या पी७१०० पंपावर एएफसीची डबी असते, तिला हवेचा दाब मिळाला की मगच ती पूर्ण डिझेल सोडते. दाब लवकर आला म्हणजे गाडी लवकर उचलते आणि निघताना सोडते तो काळा धूर कमी होतो.

जंकयार्डात तुम्हाला एचई३५१व्हीई पण दिसेल. नाव जवळपास तेच, मिळतोही भरपूर. तो २००७ च्या उत्तरार्धापासूनच्या ६.७ लिटरचा, आतला घसा विजेवर लहान-मोठा करणारा टर्बो आहे. त्याला स्वतंत्र कंट्रोलर लागतो आणि पाण्याच्या नळ्याही. १९९६ च्या गाडीवर, जिच्या पंपाला कॉम्प्युटरचा पत्ताही नाही, तो घेऊ नका. शेवटची दोन अक्षरं वाचून मगच पैसे द्या.

वापरलेला टर्बो हातात घेतल्यावर

मी घेतला तो मागून ठोकलेल्या २००६ च्या गाडीवरचा. काउंटरवरच मी बॅटरी आणि कापसाचं फडकं काढलं, आणि तिथल्या माणसानेही थांबून बघू दिलं.

आधी हवेच्या बाजूच्या पंख्याची पाती एकेक बघा. कडा सुरीसारख्या सरळ हव्यात. एखादी कड कुरतडल्यासारखी दिसली तर एअर फिल्टरच्या पुढे काहीतरी आत गेलेलं आहे, तो टर्बो तिथेच ठेवा. मग शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. तेल नसताना थोडा खेळ जाणवणारच, कारण हे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारं आहे. फक्त हलवताना पंखा घराच्या भिंतीला लागता कामा नये. नंतर तोच शाफ्ट आत-बाहेर ढकला. इथे बोटाला खेळ जाणवला की थ्रस्ट बेअरिंग गेलं म्हणायचं. लोक वर-खालीचा खेळ बघून चांगला टर्बो टाकून देतात आणि आत-बाहेरचा न बघता वाईट घेऊन येतात, हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलं आहे.

धुराच्या बाजूने बॅटरी मारून वेस्टगेटच्या (दाब जास्त झाला की धूर पंख्याला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाभोवती तडे आहेत का बघा. केसासारखी एखादी रेघ ओतीव लोखंडात सापडतेच, पण नख अडकेल असा तडा नको. वेस्टगेटची झडप हाताने उघड-बंद करा. गंजून बसलेली असेल तर दाब आवरणार नाही. शेवटी पंखा बोटाने फिरवून कानाजवळ धरा. खरखर नको.

सोबत काय लागेल

धुराचं तोंड नव्याचं मोठं आहे आणि क्लॅम्पही वेगळा, त्यामुळे टर्बोतून धूर खाली नेणारा जुना डाउनपाइप बसत नाही. माझ्यासारख्या, दुसऱ्या पिढीच्या रॅममध्ये ३५१ बसवण्यासाठीच बनवलेला चार इंची डाउनपाइप विकत मिळतो. तो घ्या, वेल्डिंगच्या नादाला लागू नका. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो तसाच ठेवायचा, नवा पाइप त्याच्या पुढे जोडायचा. हवा बाहेर पडते तिथलं कोपरं क्लॅम्प आणि ओ-रिंगसकट टर्बोबरोबरच मागून घ्या, नंतर सुटं शोधताना जीव जातो. हवा आत येते त्या बाजूचं तोंडही मोठं आहे, तेव्हा फिल्टरकडून येणाऱ्या नळीसाठी सिलिकॉनचा रिड्यूसर लागेल. कॅलिपरने दोन्ही तोंडं मोजून मगच मागवा. तेल येणाऱ्या नळीचे आटे दोन्हीकडे जुळतात का ते आटे मोजायच्या पट्टीने तपासा. अंदाजाने पिळलेला नट ब्रासच्या फिटिंगचे आटे खाऊन टाकतो आणि मग तेलाच्या दाबाखाली तिथूनच फवारा उडतो.

मॅनिफोल्ड आणि टर्बोमधलं गॅस्केट नवं, नट बसतात ते चारही स्टड नवे, ड्रेनचं (टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणाऱ्या नळीचं) गॅस्केट नवं. यात काटकसर करू नका.

नव्या टर्बोचा वेस्टगेट त्याच्या मूळ गाडीत कॉम्प्युटर सांभाळायचा, हवेच्या घरावर बसवलेल्या विजेच्या झडपेमार्फत. आपल्याकडे ती झडप उघडायला कुणीच नाही. मी ती काढली, त्या जागी आटे मारून साधी फिटिंग बसवली आणि तिथून रबरी नळी थेट ॲक्च्युएटरला, म्हणजे हवेच्या दाबाने दांडी ढकलून वेस्टगेट उघडणाऱ्या डबीला, दिली. ॲक्च्युएटर मात्र कमी-जास्त करता येणारा घेतला, ज्याची दांडी नटाने आखूड-लांब होते.

आणि एक गोष्ट, जिचा टर्बोशी संबंध नाही. तुमच्या इंजिनाच्या टायमिंग केसमधली, म्हणजे पुढच्या गिअरांच्या पेटीतली, डॉवेल पिन (भाग जुळवणारी पोलादी खुंटी) सुटू नये म्हणून आजवर कुणी बंद केली नसेल, तर आधी ते काम करा. ती सुटून गिअरांत पडली की इंजिनच जातं, मग त्यावर कुठला टर्बो आहे याला अर्थ उरत नाही.

जुना उतरवताना

टर्बो इंजिनाच्या उजव्या बाजूला, प्रवासी बसतो तिकडे आहे. बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह तारा काढा, फिल्टरची नळी काढा, इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाइप काढा. काढलेल्या प्रत्येक तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा आणि किती फडकी कोंबली ते कागदावर लिहा. मी सहा लिहिली होती आणि शेवटी सहा मोजून बाहेर काढली.

खरं युद्ध चार नटांशी आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लाल होऊन थंड होत आलेले ते नट मॅनिफोल्डशी एकजीव झालेले असतात. मी आदल्या तीन रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारत होते. तरी शनिवारी सकाळी लांब पाना लावला तेव्हा दोनच सुटले. तिसऱ्याला शेजारच्या शेतकऱ्याकडून गॅसची टॉर्च आणली. नट गडद लाल होईपर्यंत तापवला, टॉर्च बाजूला केली, लाली गेल्यावर साधी पांढरी मेणबत्ती स्टड आणि नटाच्या फटीला टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं, किंचित धूर आला, आणि अर्ध्या मिनिटाने नट नेहमीच्या पान्याने फिरला. पूर्ण जोर एकदम लावायचा नाही. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं करत आणायचा. आजूबाजूला डिझेलच्या किंवा तेलाच्या नळ्या ओल्या नाहीत ना, हे टॉर्च पेटवण्याआधी बघा, आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवा.

चौथा तुटला. तो तुटणारच असं धरून चला. स्टडचा तुकडा वर राहिला होता, त्यावर नट ठेवून वेल्ड केला. वेल्डच्या उष्णतेनेच तो सुटला.

मॅनिफोल्ड उघडा पडला की त्याच्या फ्लॅन्जवर पोलादी पट्टी उभी ठेवून मागून बॅटरी मारा. पट्टीखालून उजेड दिसला तर तो वाकलेला आहे, यंत्रावर घासून घ्यावा लागेल. ज्यांच्या गाडीत पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा, नाही त्यांनी भोक पाडायचं ते याच वेळी, टर्बो जागेवर नसताना. ११/३२ इंची ड्रिल, मग १/८ एनपीटीचा टॅप, दोन्हींना भरपूर ग्रीस म्हणजे लोखंडाचा कीस ग्रीसला चिकटतो. उरलेला कीस लोहचुंबकाने काढा, मग व्हॅक्यूमने, मग पुन्हा लोहचुंबकाने. तो कीस पंख्यावर गेला तर काय होतं ते जंकयार्डातल्या कुरतडलेल्या पात्यांनी दाखवलेलंच आहे. पायरोमीटर नसेल तर हे सगळं काम आंधळेपणाने केल्यासारखं होईल. माझा दोन वर्षांपूर्वी बसवलेला होता, म्हणून मॉन्टिगलवर मला पाय उचलायचं सुचलं.

नवा बसवताना

सगळ्यात आधी टर्बो चारही नट नुसते हाताने लावून मॅनिफोल्डवर ठेवा आणि दूर उभं राहून बघा. हवा बाहेर पडणारं तोंड इंटरकूलरच्या पाइपकडे बघत नसेल, तेलाची भोकं वर-खाली सरळ नसतील. मधलं घर असं फिरवायचं की तेल आत येणारं भोक बरोबर माथ्यावर आणि बाहेर जाणारं बरोबर तळाशी येईल. त्यानंतर हवेचं घर फिरवून तोंड पाइपच्या रेषेत आणायचं. घराचा क्लॅम्प किंवा रिंग सैल करून ते फिरतं, पण फिरवताना ते तिरकं होऊन पंख्याच्या पात्यांना लागणार नाही एवढी काळजी घ्या. ॲक्च्युएटर हवेच्या घरावरच बसतो, त्यामुळे घर फिरवलं की त्याची दांडी वेस्टगेटच्या रेषेतून सरकते. मला त्याच्या पट्टीला नवं भोक पाडावं लागलं. दांडी तिरकी ओढली जात असेल तर झडप अडकते आणि दाब कुठवर चढेल याचा भरवसा राहत नाही.

सगळं जुळलं की खुणा करा, उतरवा, क्लॅम्प घट्ट करा आणि मग कायमचं बसवा. स्टडला तापमान सोसणारं अँटी-सीझ लावा. नट एकाआड एक कोपरे धरून आवळा, टॉर्क तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला. गोल क्लॅम्पांना टॉर्क फार कमी असतो. ते आवळताना बाहेरून लाकडी हातोडीने हलके ठोकत गेलं की सगळीकडून सारखे बसतात.

आता ड्रेन. या लेखातला एकच परिच्छेद लक्षात राहणार असेल तर हा राहू दे. टर्बोत तेल दाबाने येतं आणि फेसाळून, नुसत्या उतारावर, इंजिनात परत जातं. त्याला ढकलणारं काही नसतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांची सीलं पिस्टनच्या रिंगसारखी असतात, साचलेलं तेल ती थोपवू शकत नाहीत. परतीची नळी तुंबली की तेल पंख्यांच्या बाजूने बाहेर पडतं.

माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. सगळं जोडून गाडी चालू केली, दहा मिनिटं छान चालली आणि मग सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. पांढरा नाही, काळा नाही, चुलीत तेल सांडल्यावर येतो तसा निळा, दाट, डोळ्यांना झोंबणारा. मी बंद केली आणि अंगणातच खाली बसले. माझी खात्री झाली की सील गेलेलं आहे आणि मी फसले. कोथरूडला रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, फोन टर्बोजवळ धरला. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ नुसतं बघत होते.

"अगं, सील गेलं म्हणायची घाई करू नकोस," म्हणाले. "ड्रेन उघड आधी. खालचा, वरचा नाही. आणि बोट घालून बघ, नुसती बॅटरी मारू नकोस."

उघडला. टर्बोबरोबर जी नळी आली होती तिच्या फ्लॅन्जला आधी कुणीतरी लाल सिलिकॉन थापलं होतं. मी बाहेरचं खरवडलं होतं, आत बघितलंच नव्हतं. आत गेलेला थर वाळून सुटला होता आणि नळीच्या बाकाशी आडवा अडकला होता, करंगळीच्या पेराएवढा. मी तो चिमट्याने काढून फोनसमोर धरला. बाबा म्हणाले, "झालं. आता कागदाचं गॅस्केट घाल आणि काही लावू नकोस." मी काही लावलं नाही. सायलेन्सरमधलं साचलेलं तेल जळून जायला वीसेक मिनिटं लागली, त्यानंतर आजपर्यंत निळा धूर दिसलेला नाही.

तेव्हा तेलाच्या कुठल्याही फ्लॅन्जला सिलिकॉन लावायचं नाही. ड्रेनची नळी जेवढी उभी जाईल तेवढी उभी न्या, मधे कुठे पोटासारखी लोंबू देऊ नका, आणि रबराचा तुकडा तेल सोसणाराच घ्या. रेडिएटरचा होस तेलात फुगतो.

पहिल्यांदा चालू करताना

टर्बोच्या माथ्यावरच्या, तेल आत येणाऱ्या भोकातून ५० ते ६० मिलिलिटर स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवत राहा, म्हणजे ते बेअरिंगमध्ये पोचेल. मग वरची नळी जोडा. इंजेक्शन पंपाच्या शटऑफ सोलेनॉइडचं कनेक्शन काढून ठेवा, म्हणजे डिझेल मिळणार नाही आणि स्टार्टर मारला तरी इंजिन पेटणार नाही. ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत दहा-पंधरा सेकंद मारा, स्टार्टरला विश्रांती द्या, परत मारा. काटा उठला की कनेक्शन जोडून इंजिन चालू करा आणि पाचेक मिनिटं आयडलवरच ठेवा. पहिल्याच मिनिटाला रेस मारायचा मोह आवरा, बेअरिंग तेव्हाच जातं.

नंतर गळती तपासायची. टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडावर बसेल असं पीव्हीसीचं टोपण आणा, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, क्लॅम्पने आवळा आणि इंजिन बंद असताना कॉम्प्रेसरने १५ पौंड हवा भरा. त्याहून जास्त नको, आणि टोपणासमोर उभं राहायचं नाही, ते निसटलं तर गोळीसारखं येतं. इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल ठेवा, कारण उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा खाली क्रँककेसमध्ये उतरते. मग बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारा. माझ्या इंटरकूलरच्या थंड बाजूच्या होसवर भातावरच्या पेजेसारखे बुडबुडे आले. तो होस जुनाच होता, म्हणजे कित्येक वर्षं तिथून हवा जात होती आणि मी टर्बोला दोष देत होते. हे टोपण टर्बो न बदलणाऱ्यांनीही करून बघावं. कदाचित तुमचं काम तिथेच होईल.

दाब लावताना ॲक्च्युएटरची दांडी आधी लांब ठेवा, म्हणजे वेस्टगेट लवकर उघडेल. मोकळ्या रस्त्यावर, मागे वजन नसताना, गेज बघत एकेक फेरा आखूड करत आणा. माझा मी ३० पौंडांवर थांबवला. हा टर्बो याहून जास्त देऊ शकतो, पण आमच्या इंजिनाचे हेड बोल्ट आणि गॅस्केट कारखान्यातलेच आहेत, क्लचही तोच. जोर वाढला की सगळ्यात आधी क्लच घसरायला लागतो, तेव्हा चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमवर पूर्ण पाय दाबायचा नाही. त्यात पंखा मोठा आणि घसा लहान असल्याने खालच्या आरपीएमला जोर मागितला तर टर्बो खोकल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की गिअर खाली घ्या.

पंपाला मी हात लावला नाही. डिझेल वाढवण्याच्या प्लेटा बाजारात मिळतात आणि लोक टर्बोबरोबरच त्या घालतात. माझं काम तापमान उतरवण्याचं होतं, आणि हवा वाढवून तेवढंच डिझेलही वाढवलं तर काटा परत होता तिथे जातो.

सांगली, नगरकडच्या माझ्या भावंडांनी मला विचारलं की आपल्या पिकअपला असा मोठा टर्बो घालावा का. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. विमाही अडकतो. गळती तपासायचं टोपण आणि ड्रेनची नळी मात्र तिथल्या गाडीलाही तशीच लागू आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, आधी आपल्या राज्याचा नियम वाचा.

चढावरून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. तापमान ३०० फॅरनहाइटच्या खाली येईपर्यंत आयडलवर राहू द्या, नाहीतर थांबलेलं तेल गरम शाफ्टवर जळून कोळसा होतं. आणि पहिल्या शंभर मैलांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, चारही नटांवर पुन्हा टॉर्क रेंच लावा. माझे तीन जागचे हलले नाहीत, चौथा, जो तुटला होता त्या जागेचा, पाव फेरा फिरला. दोनशे मैलांनी परत बघितला, तेव्हा तोही हलला नाही. त्या ऑक्टोबरात तोच ट्रेलर, तोच ट्रॅक्टर घेऊन आम्ही मॉन्टिगल चढलो. चौथा गिअर, काटा ११५० वर येऊन तिथेच उभा राहिला.